गच्चीवरचं सोलर आणि ७८ हजारांची सबसिडी: आमच्या घरचा अनुभव

मे २०२५ मध्ये सासूबाईंच्या खात्यात सोलरच्या सबसिडीचे ७८,००० रुपये जमा झाले, तेव्हापासून नातेवाइकांचे आणि कॉलनीतल्या लोकांचे फोन चालू आहेत. "तुम्हाला खरंच मिळाले का? कुणाला काही द्यावं लागलं का? आमचं होईल का?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. पैसे मिळाले. कुणाला काही द्यावं लागलं नाही. आणि 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' हे आमच्या बाबतीत अगदी खरं ठरलं, फक्त त्यातला बराचसा वेळ सरकारनं नाही, आमच्याच कपाटातल्या कागदांनी खाल्ला.

आधी योजनेचा एक मोठा गैरसमज. 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. देशातल्या एक कोटी घरांवर सोलर बसवायचं उद्दिष्ट, त्यासाठी ७५,०२१ कोटींची तरतूद. नावातलं 'मुफ्त बिजली' आणि जाहिरातीतले '३०० युनिट' वाचून पुष्कळांना वाटतं की अर्ज केला की लाइटबिलातून ३०० युनिट माफ होतात. तसं काही नाही. पॅनेल आपण आपल्या पैशानं बसवायची, त्यांची वीज आधी घरात वापरायची, उरलेली महावितरणच्या लाइनमध्ये सोडायची आणि तेवढी बिलातून वजा करून घ्यायची. सरकारची मदत बसवण्याच्या खर्चात असते: पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे तीन किलोवॉटला ७८,०००, आणि पुढे दहा किलोवॉट बसवलं तरी ७८,०००च. हे पैसे सगळं बसून, चालू होऊन, तपासणी झाल्यावर येतात. तोपर्यंत पूर्ण रक्कम आपल्या खिशातून जाते. (फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना एकेकट्यानं हे जमणं अवघड, पण सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी किलोवॉटला १८,००० वेगळे आहेत. ते चेअरमनच्या कानावर घाला.)

आमचं घर साताऱ्यात, सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, बांधलेलं. महिन्याला सरासरी ३०० युनिट जातात, बिल तीन-साडेतीन हजार. २०२४ च्या उन्हाळ्यात मुलानं परीक्षेचं निमित्त करून एसी बसवून घेतला आणि मे महिन्याचं बिल पाच हजारांवर गेलं. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटनंतर दर जवळपास दुप्पट होतो, तीनशेच्या पुढे आणखी चढतो, त्यामुळे शेवटची पन्नास-शंभर युनिटंच खरी महाग पडतात. नवऱ्याची नोकरी बदलीची, तेव्हा ते नांदेडला होते. त्यामुळे 'बघ गं जमतंय का' एवढं सांगून त्यांनी विषय माझ्याकडे दिला.

योजनेचं पोर्टल उघडलं आणि पहिल्याच पानावर घोडं अडलं. अर्ज ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे त्याचाच चालतो. आमचं मीटर अण्णांच्या नावावर, आणि अण्णांना जाऊन सहा वर्षं झालेली. घराला आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, नाव लागलेलं, घरपट्टी आईंच्या नावानं, फक्त लाइटबिल अजून अण्णांना येत होतं. आई ते दर महिन्याला नीट घडी घालून ठेवायच्या. 'त्यांच्या नावाचं काहीतरी येतंय, येऊ दे की,' असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे नाव बदलायचं म्हटल्यावर पहिलं काम कार्यालयात जाण्याचं नव्हतं, आईंशी बोलण्याचं होतं. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. मग स्वतःच कपाटातून मृत्यूचा दाखला काढून माझ्यासमोर ठेवला.

नाव बदलण्यासाठी आमच्याकडून घेतलेले कागद असे: अर्ज, मृत्यूचा दाखला, घराचा मिळकतीचा उतारा, चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती, आईंचं आधार आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत. शेवटचं सगळ्यात वेळखाऊ. एक नणंद पुण्याला, दुसरी कोल्हापूरला, दीर ठाण्याला. सुदैवानं दिवाळी तोंडावर होती. भाऊबीजेला सगळे जमले, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पाजून थेट नोटरीकडे नेलं आणि सह्या झाल्यावरच ज्याच्या त्याच्या गाडीला सोडलं. स्टॅम्प पाचशेचा लागला. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा बंद झाला हे मला तिथंच कळलं. ज्यांच्या घरात मीटर अजून आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर आहे त्यांनी सोलरचा विचार असो वा नसो, पुढच्या लग्नकार्यात सगळे एकत्र येतील तेव्हा हे उरकून घ्यावं.

आणखी एक गोष्ट त्याच अर्जाबरोबर करून घ्या. महावितरणच्या नोंदीत अण्णांचा जुना मोबाइल नंबर होता, जो केव्हाच बंद झालाय. तो बदलून आईंचा घातला. पुढे सगळे मेसेज त्याच नंबरवर येतात.

नवं नाव छापलेलं बिल जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आलं. मधल्या काळात मी आईंची बाकीची कागदपत्रं एका ओळीत मांडून पाहिली. आधारवर नाव, पतीचं नाव, आडनाव. बँकेत आडनाव आधी. पॅनवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. चेकबुक इतकं जुनं की त्यावर नावच छापलेलं नाही, शिवाय बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाल्यामुळे आयएफएससी कोडही पूर्वीचाच. शेवटी सबसिडी ज्या खात्यात येणार ते खातं आणि वीजग्राहक एकच व्यक्ती असायला हवी, आणि ती एकच आहे हे कागदावरून दिसायला हवं. म्हणून बँकेत केवायसी नव्यानं करून नाव आधारसारखं करून घेतलं आणि नाव छापलेलं चेकबुक मागवलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, एवढ्याशा फरकानं काही अडत नाही." अडत असेल वा नसेल, मला ते मे महिन्यात तपासून बघायचं नव्हतं.

अर्ज भरणं हे खरं तर या सगळ्यातलं सगळ्यात सोपं काम. संकेतस्थळ एकच, पीएमसूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर ते पान बंद करा. हुबेहूब दिसणारी खोटी पानं आहेत आणि ती 'नोंदणी शुल्क' मागतात. खऱ्या पोर्टलवर अर्जाला एक रुपयाही लागत नाही. राज्य निवडायचं, वीज कंपनी निवडायची, लाइटबिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक घालायचा, मोबाइलवर ओटीपी येतो. मग नाव, पत्ता, किती किलोवॉट हवं ते आणि लाइटबिलाची पीडीएफ. संक्रांतीच्या आधी एका संध्याकाळी आई शेजारी बसून तीळ निवडत होत्या आणि मी अर्ज भरत होते. ओटीपी आला की त्या मोठ्यानं वाचून दाखवायच्या, आकडे मराठीत, 'अठ्ठ्याहत्तर, एकोणनव्वद' असे जोडीनं. तेवढ्यात वेळ संपायची. शेवटी मी फोनच मागून घेतला.

आमच्या जोडणीचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी वापरायला मंजूर असलेली वीज, एकच किलोवॉट होता, त्यावर तीनचं सोलर कसं चालेल ही मला धाकधूक होती. पण २०२४ मध्ये नियम बदललेत. दहा किलोवॉटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही आणि भार वाढवायचा असेल तर ते काम वीज कंपनीनंच करायचं. आमची मंजुरी लगेच दिसली.

आता सोलरवाले. या टप्प्यावर घाई करू नका, कारण पुढची वीस-पंचवीस वर्षं याच निवडीबरोबर काढायची आहेत. पोर्टलवर नोंदणी असलेल्याच विक्रेत्याकडून काम करून घेतलं तर सबसिडी मिळते. मी तिघांना गच्ची दाखवली. एकानं वर न चढताच कोटेशन दिलं, तेही सगळ्यात स्वस्त, १,७२,००० चं. कोटेशनवर पॅनेलपुढे 'डीसीआर' असं लिहिलेलं नव्हतं. सबसिडीसाठी पॅनेलच नाही, तर त्यातले सेलसुद्धा भारतात बनलेले असावे लागतात, त्या पॅनेलना डीसीआर म्हणतात आणि ती महाग असतात. मी विचारलं, तर "सगळं तेच असतं हो मॅडम." लिहून द्या म्हटल्यावर फोन उचलणं बंद. दुसऱ्यानं पाच पॅनेलचं गणित मांडलं होतं. ५४० वॉटची पाच पॅनेल म्हणजे २.७ किलोवॉट, त्याला तो 'थ्री केडब्ल्यू सिस्टिम' म्हणत होता. सबसिडी पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) यांच्यात जे कमी असेल त्यावर ठरते. तिसरा किलोवॉट पूर्ण भरला नाही तर ७८,०००ही पूर्ण येत नाहीत.

तिसरा माणूस वर चढला, पाण्याच्या टाकीची सावली कुठपर्यंत येते ते बघितलं, शेजारच्या नारळाकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "दुपारी तीननंतर ह्या कोपऱ्यात सावली येणार. इथं पॅनेल नको." त्यालाच काम दिलं. सहा पॅनेल, ३.२४ किलोवॉट, तीन किलोवॉटचा इन्व्हर्टर, किंमत १,९५,०००.

इथं आई मध्ये पडल्या. सोलरला त्यांचा विरोध नव्हता, गच्ची जाण्याला होता. कुरडया, सांडगे, उडदाचे पापड, वर्षभराची मिरची, सगळं त्या गच्चीवर वाळतं. किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट धरले तर तीनशे चौरस फूट गेले. "मग वाळवण काय अंगणात घालू? कुत्र्यांना?" सोलरवाल्यानं उपाय सांगितला: स्ट्रक्चर खाली न ठेवता आठ फूट उंच करायचं, खालून माणूस आरामात फिरतो. आई म्हणाल्या, "अरे पण खाली सावली पडणार ना? सावलीत कुरडई वाळते का?" तो गप्प. मग दोघं मिळून खडूनं गच्चीवर रेघा मारत बसले. दक्षिणेकडचा सलग पट्टा आईंचा, पॅनेलं उत्तरेकडे सरकवून उंचावर, म्हणजे त्यांची सावलीही मागेच पडणार. उंच स्ट्रक्चरचे १८,००० जास्त पडले. एकूण २,१३,०००. मला तेव्हा ते जिवावर आलं होतं, पण पॅनेलखालून झाडता येतं, टाकीकडे जाता येतं आणि घरातली शांतता टिकली.

कर्ज काढलं नाही. आईंचं वय ७१, म्हणून त्यांच्या नावानं प्रयत्नच केला नाही. एक एफडी मोडली. ज्यांना हवं त्यांच्यासाठी सांगते: तीन किलोवॉटपर्यंतच्या सोलरला सरकारी बँका दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात, व्याज रेपो दरापेक्षा (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो) अर्धा टक्का जास्त. तेव्हा रेपो साडेसहा होता, म्हणजे सात टक्के. अर्ज सरकारच्या जनसमर्थ या कर्जाच्या पोर्टलवरून होतो. माझ्या एका सहकाऱ्यानं असंच केलंय आणि त्याचा हप्ता जुन्या लाइटबिलापेक्षा कमी आहे.

पैसे देताना मी तीन भाग पाडले: करार झाल्यावर २०,०००, माल घरी उतरल्यावर दीड लाख, आणि उरलेले ४३,००० नेट मीटर (बाहेर गेलेली आणि बाहेरून आलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर) लागल्यावर. पहिल्यांदा सोलरवाला शेवटच्या हप्त्याला तयार नव्हता, 'पॅनेल बसली की माझं काम झालं' म्हणत होता. पण त्याचं काम खरं तर मीटर लागेपर्यंत संपतच नाही, कारण तोवरचे सगळे कागद त्यालाच पोर्टलवर चढवायचे असतात. शेवटचा हप्ता हातात ठेवला नसता तर मार्चमध्ये माझे फोन त्यानं किती तत्परतेनं घेतले असते याबद्दल मला शंका आहे. करारात पाच वर्षं देखभाल विक्रेत्याकडेच असते, ते कलम वाचून मगच सही करा.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माल आला. गच्चीला वॉटरप्रूफिंग केलेलं असेल तर स्लॅबला भोकं पाडू देऊ नका. आमच्याकडे काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत पाय उभे केले, पावसाळ्यात एक थेंब गळला नाही. अंगणात अर्थिंगचे तीन खड्डे घेतले, एक पॅनेलच्या बाजूचा, एक घरच्या बाजूचा आणि एक वीज पडली तर ती जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा. दोनांतच भागवू का असं विचारणारा भेटला तर नाही म्हणा.

एक काम मात्र पॅनेल वर चढायच्या आधीच उरका: प्रत्येक पॅनेलच्या मागच्या स्टिकरचा आणि इन्व्हर्टरच्या स्टिकरचा फोटो. सीरिअल नंबर स्पष्ट वाचता येईल असा. मी काढले होते, निव्वळ सवय म्हणून. पुढे सोलरवाल्याच्या माणसानं कागदपत्रात दोन पॅनेलचे नंबर चुकीचे टाकले, कुठल्या तरी दुसऱ्या घरच्या मालाचे. तपासणीला आलेल्या अभियंत्यांनी यादी आणि स्टिकर जुळवून बघितले आणि तिथंच थांबले. सगळी फाइल दुरुस्त होऊन पुन्हा जाईपर्यंत काही आठवडे गेले. माझ्याकडे फोटो होते म्हणून निदान 'मुळात कोणती पॅनेल आली होती' यावर वाद झाला नाही.

फोटोवरून आठवलं. पोर्टलवर बसवलेल्या पॅनेलबरोबर ग्राहकाचा फोटो लागतो, त्यात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश उमटलेले हवेत. ग्राहक म्हणजे आई. गुडघे दुखतात, गच्चीवर त्या दिवसातून एकदाच चढतात. सोलरवाल्याचा मुलगा म्हणाला, "आजी, दोन मिनिटांचं काम आहे." "थांब, साडी बदलून येते," म्हणून आत गेल्या त्या वीस मिनिटांनी आल्या, लग्नाकार्यातली इरकल नेसून. आता सरकारदरबारी असलेल्या त्या फोटोत आई पॅनेलच्या खांबाला एका हातानं धरून अशा उभ्या आहेत की पॅनेल त्यांनीच उचलून वर ठेवलीत असं वाटावं.

नेट मीटरचा टप्पा सगळ्यात रटाळ, आणि लोक इथंच वैतागतात. पॅनेल बसलेली, इन्व्हर्टर भिंतीवर, कडक ऊन, आणि सगळं बंद. नेट मीटर लागल्याशिवाय चालू करायचं नसतं. साधं मीटर बाहेर जाणारी वीजही वापर म्हणून मोजू शकतं, म्हणजे आपणच वीज द्यायची आणि वर तिचं बिलही भरायचं. 'चालू करून ठेवा, कोण बघतंय' असा सल्ला देणारे भेटतील, त्यांना हे सांगा. तपासणी, करारावर सह्या, मग मीटर असा क्रम असतो. आमचं नेट मीटर मार्चच्या शेवटी लागलं, त्याचे वेगळे पैसे आम्हाला पडले नाहीत. त्याच दिवशी सोलरवाल्याला उरलेले ४३,००० दिले.

मार्चअखेर लागलं हे आमच्या पथ्यावर पडलं. महाराष्ट्रात जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यांत खेळवता येतात, पण हिशेब आर्थिक वर्षाचा. ३१ मार्चला जी शिल्लक असेल ती वीज कंपनी ठरलेल्या दरानं विकत घेते, आणि तो दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो. एप्रिलमध्ये सुरुवात झाली की उन्हाळ्यातली कमाई पावसाळ्यात खाता येते. म्हणूनच गरजेपेक्षा मोठं सोलर बसवून 'वीज विकून पैसे कमवू' असं कुणी सांगत असेल तर त्याला एक वर्षाचा हिशेब कागदावर मांडायला लावा.

चालू झाल्याचा दाखला पोर्टलवर दिसल्यानंतर सबसिडीची मागणी आपण करायची असते, ती आपोआप होत नाही. आमच्या कॉलनीत एका घरी पॅनेल बसून तीन महिने झाले होते आणि ते वाट बघत होते. पोर्टल उघडून बघितलं तर बँकेचा तपशीलच भरलेला नव्हता. खाते क्रमांक, आयएफएससी, रद्द केलेला चेक एवढंच. चेकवर नाव छापलेलं हवं. जानेवारीत बँकेत घालवलेले ते कंटाळवाणे तास इथं वसूल झाले: एप्रिलच्या मध्यावर मागणी नोंदवली, कुठलीही शंका न काढता ती पुढे सरकत गेली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे आले. नियमानं महिनाभराची मुदत आहे, आमचं साधारण तेवढ्यातच झालं. आईंनी मेसेज तीनदा वाचून घेतला आणि विचारलं, "हे परत मागत नाहीत ना?"

७८,००० वजा जाता आम्हाला हे १,३५,००० ला पडलं.

आता चालल्यावर काय होतं ते. एप्रिलमध्ये दिवसाला तेरा-चौदा युनिट मिळायची, एसी चालवूनही शिल्लक पडायची. मे २०२५ आठवत असेलच, महिनाभर पाऊस. आईंची अर्धी वाळवणं फुकट गेली आणि पॅनेलही ढगाखाली. जुलैमध्ये जेमतेम महिन्याला दोनशे युनिट तयार झाली. पण एप्रिलची शिल्लक होती, त्यावर भागलं. बिल शून्य मात्र येत नाही, हे आधीच मनाशी धरा. स्थिर आकार द्यावाच लागतो, त्यावर वीज शुल्क लागतं. आमचं बिल आता दोनशेच्या आत असतं.

पहिलं बिल बघून आमच्या ह्यांनी नांदेडहून फोन केला, "ॲप ३९० युनिट दाखवतंय आणि बिलात एक्सपोर्ट २३०च कसे? बाकीचे कुठं गेले?" कुठंही गेले नाहीत. दिवसा पंखे, फ्रिज, पंप, मिक्सर यांनी जी वीज थेट वापरली ती नेट मीटरपर्यंत पोचतच नाही, म्हणून तिथं मोजली जात नाही. इन्व्हर्टरचं ॲप एकूण निर्मिती दाखवतं, मीटर फक्त बाहेर गेलेली आणि बाहेरून आलेली. बिलात तीन आकडे शोधायचे: आलेली युनिटं, दिलेली युनिटं आणि मागची शिल्लक. तिसरा आकडा दर महिन्याला मागच्या बिलाशी ताडून बघत जा.

आणि लाइट गेली की सोलरही बंद पडतं. भर दुपारी, लख्ख उन्हात. शेजारच्या काकांनी त्यावरून मला बरंच चिडवलं. पण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. अंधारात पंखा हवा असेल तर बॅटरीची व्यवस्था वेगळी लागते आणि तिचा खर्च मोठा. आमच्याकडे जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर होता, तोच चालू ठेवला.

पॅनेल धुवायची ती सकाळी लवकर किंवा सूर्य उतरल्यावर. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नये. बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे डाग पडतात, नळाचं वापरा. देखभालीची पहिली फेरी नुकतीच झाली, तारीख मी कराराच्या मागच्या पानावर लिहून सही घेतली आहे.

आता बसवायला निघालेल्यांसाठी दोन ताज्या गोष्टी. सोलर पॅनेलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आलाय. त्याआधीचं कोटेशन हातात असेल तर ते ग्राह्य धरू नका, नवीन मागा आणि कराची ओळ वेगळी लिहून घ्या. आणि योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतच आहे, तेव्हा मीटर अजून अण्णांच्या नावावर असेल तर आधी तिकडं वळा.